कार्यक्रमपत्रिका यंत्रास वाचता यावी म्हणून

आपल्याकडची निमंत्रणपत्रिका हा एक जुना, घोटीव आणि बऱ्याच अंशी वाचणाराच्या समजूतदारपणावर विसंबून राहणारा लेखनप्रकार आहे. ‘रविवार दि. ८ रोजी सायंकाळी ठीक ६ वाजता टिळक स्मारक मंदिरात व्याख्यान होईल, सर्वांनी अगत्य यावे’ एवढा मजकूर हाती पडला, की महिना कोणता, साल कोणते, टिळक स्मारक मंदिर कोणत्या गावचे, व्याख्यान अदमासे किती वेळ चालणार आणि ‘ठीक ६’ म्हणजे खरोखर किती, या साऱ्या बाबींचा उलगडा गावातला माणूस पत्रिका खिशात घालता घालता करून टाकतो. कारण पत्रिका कोणी आणून दिली, कोणत्या मोसमात आणून दिली आणि ती संस्था दरसाल काय करते, हे त्याला पत्रिकेबाहेरून ठाऊक असते. शोधयंत्राला, दिनदर्शिकेच्या ॲपला, किंवा ‘या आठवड्यात जवळपास कोणती व्याख्याने आहेत’ असे मोबाइलवर कोणी विचारले असता उत्तर जुळविणाऱ्या प्रणालीला यांतले काहीच ठाऊक नसते. आणि जे ठाऊक नाही ते ती एक तर सोडून देते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, अंदाजाने भरून काढते. वाचनालये, व्याख्यानमाला, नाट्यसंस्था आणि महाराष्ट्र मंडळे यांच्या संकेतस्थळांचे काम अंगावर घेतलेल्या कार्यकर्त्यांसाठी पुढील विवेचन आहे. त्यात तांत्रिक भाग थोडा आहे. पदाधिकाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावयाचा भाग मात्र बराच मोठा आहे, आणि काम अडते ते बहुधा तेथेच.

आरंभी एक अडथळा दूर केला पाहिजे. पुष्कळ संस्था छापखान्यातून आलेल्या रंगीत पत्रिकेचे चित्र जसेच्या तसे संकेतस्थळावर चढवितात आणि जाहिरात झाली असे समजतात. चित्रातील अक्षरे शोधयंत्राने ओळखली तर ओळखली, आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचनसाधन तर त्यापुढे बहुधा मुकेच राहते. दुसरी तऱ्हा याहून फसवी: मजकूर टंकलिखित असतो, परंतु युनिकोडच्या आधीच्या शिवाजी किंवा श्री-लिपीसारख्या टंकात, पडद्यावर सुबक देवनागरी दिसते आणि तिच्याखाली प्रत्यक्षात रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची असंबद्ध खिचडी साठविलेली असते. अशा पृष्ठावरचा एक शब्द उचलून दुसरीकडे डकवून पाहावा. तेथे देवनागरी उमटली नाही, तर सर्वप्रथम तो मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा लिहून काढावा. पत्रिकेचे चित्र खुशाल ठेवावे, पण ते शोभेपुरते.

मजकूर युनिकोडमध्ये आला म्हणजे यंत्राला अक्षरे मिळतात. अर्थ अजून मिळत नाही. कोणता आकडा तारखेचा, कोणता तिकिटाचा आणि कोणता पिनकोडाचा, हे सांगण्यासाठी सर्वांनी मान्य केलेली अशी शीर्षकांची एक यादी लागते. दिनदर्शिकांनी आपसांत नोंदींची देवघेव कशी करावी याचा आयकॅलेंडर नावाचा संकेत १९९८ साली सिद्ध झाला, आणि त्यातलीच शीर्षके पुढे एचकॅलेंडर या नावाने वेबपृष्ठांच्या खुणांत वापरली जाऊ लागली. त्यानंतर २०११ च्या जूनमध्ये गूगल, मायक्रोसॉफ्टचे बिंग आणि याहू या एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या शोधयंत्रांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही सामाईक शब्दावली प्रसिद्ध केली, व त्याच वर्षी रशियाचे यांडेक्स तीत सामील झाले. आज ‘इव्हेंट’ या सदराखाली कार्यक्रमाची नोंद करावयाची ती याच शब्दावलीने.

मधल्या काळातली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. ब्रिटनच्या बीबीसीने आपल्या कार्यक्रमांच्या पृष्ठांवर एचकॅलेंडरच्या खुणा घातल्या होत्या, आणि त्या पद्धतीत यंत्रासाठी असलेली तारीख संक्षेपाच्या खुणेमागे, म्हणजे संक्षिप्त शब्दाचे पूर्ण रूप जेथे द्यावयाचे त्या जागी, दडविलेली असे. दृष्टिहीनांची वाचनसाधने ती जागा मोठ्याने वाचून दाखवू शकत. परिणामी ‘संध्याकाळी साडेसहा’ ऐकू यावयाच्या ऐवजी श्रोत्याच्या कानांवर आकड्यांची लांबलचक माळ आदळण्याचा संभव निर्माण झाला. बीबीसीने २००८ च्या जूनमध्ये त्या खुणा काढून टाकल्या. यंत्राच्या सोयीसाठी माणसाची गैरसोय करावयाची नाही, हा निर्णय मला अजूनही त्या काळातल्या अनेक तांत्रिक करामतींहून मोलाचा वाटतो.

ही अडचण पुढे जेसन-एलडी या पद्धतीने टळली. तिला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता २०१४ च्या जानेवारीत मिळाली, आणि गूगलही आज हीच पद्धत वापरण्याची शिफारस करते. यात यंत्रासाठीची नोंद दृश्य मजकुरात न मिसळता पृष्ठाच्या मूळ संहितेत ‘स्क्रिप्ट’ या खुणेच्या आत वेगळी लिहितात. वाचकाला ती दिसत नाही, वाचनसाधनही ती उच्चारीत नाही. सोय मोठी आहे, परंतु त्यामुळे एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली जाते, आणि कीर्द व खतावणी यांचा मेळ बसला नाही म्हणजे हिशेबनीस जसा अडचणीत येतो तशी स्थिती येथेही ओढवते. वर सात वाजता आणि आत साडेसहा, असे झाले तर यंत्र आतले खरे मानील, माणूस वरचे. म्हणून वेळ बदलल्यावर दोन्हीकडे फेरफार करण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे, आणि ज्या संस्थांची पृष्ठे वर्डप्रेससारख्या प्रणालीवर आहेत त्यांनी दोन्ही मजकूर एकाच रकान्यातून निर्माण होतील अशी तजवीज करावी.

येथे शीर्षकांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष नोंदीत ती रोमन लिपीत, दोन शब्द जोडून आणि दुसऱ्या शब्दाचे आद्याक्षर मोठे करून लिहावयाची असतात. आरंभाची तारीख सांगणाऱ्या ‘स्टार्टडेट’ मधला ‘डेट’ लहान अक्षराने लिहिला तर नोंद वाया जाण्याची भीती आहे.

आता तारीख आणि वेळ. खरा गोंधळ येथेच होतो, सबब या बाबीला जास्त जागा द्यावी लागेल. यंत्रासाठी तारीख लिहावयाची ती आयएसओ ८६०१ या १९८८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे: आधी साल, मग महिना, मग दिवस, नंतर ‘टी’ हे रोमन अक्षर, त्यापुढे चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ आणि शेवटी ग्रिनिचपासूनचे अंतर. ८ नोव्हेंबर २०२६ रोजी सायंकाळी साडेसहा, भारतीय वेळ, हे ‘२०२६-११-०८टी१८:३०:००+०५:३०’ असे लिहिले जाते. येथे ते देवनागरी अंकांत छापले आहे. नोंदीत मात्र अंक रोमनच हवेत, कारण देवनागरी आठ आणि रोमन आठ ही यंत्राच्या लेखी दोन निराळी अक्षरे आहेत व तारखेच्या जागी त्यांतले दुसरेच चालते. वाचकाला दिसणाऱ्या मजकुरात देवनागरी अंक ठेवण्यास यामुळे काडीचीही हरकत येत नाही.

या पद्धतीचा पहिला लाभ असा, की साल लिहावेच लागते. आपल्या पत्रिकांतून साल हटकून गळते, आणि तीन वर्षांपूर्वीच्या व्याख्यानाचे पृष्ठ शोधात वर आले म्हणजे यंदाच्या तारखेचा समज होऊन लोक बंद सभागृहाच्या दाराशी उभे राहतात. दुसरा लाभ म्हणजे ०५/०६ याचा अर्थ पुण्यात पाच जून आणि शिकागोत सहा मे होतो, तो घोळ येथे संभवत नाही. एक गोष्ट मात्र या लेखनपद्धतीत सुटते: वार. पत्रिकेवर वार आणि तारीख शेजारी असल्यामुळे त्यांतली चूक चटकन डोळ्यांत भरते. नोंदीतल्या तारखेला हा पहारेकरी नाही. म्हणून नोंद लिहिण्यापूर्वी पंचांगात किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वार पडताळून घ्यावा.

वेळ अद्याप ठरली नसेल तर केवळ तारीख लिहून थांबावे. रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून शून्य तास शून्य मिनिटे लिहिण्याचा मोह होतो. त्याचा अर्थ यंत्र शब्दशः मध्यरात्र असा घेते, आणि मुलांची चित्रकला स्पर्धा रात्री बाराला आहे असे श्रोत्यांच्या दिनदर्शिकेत पडते.

ग्रिनिचपासूनचे अंतर लिहिणे हे भारतात बसून अनावश्यक वाटते, कारण साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ आहे आणि घड्याळ पुढेमागे करण्याची रीत नाही. परंतु संकेतस्थळ चालविणारी प्रणाली भारतात जन्मलेली नसते. वर्डप्रेस नव्याने बसविले असता त्याची वेळ पुष्कळदा ग्रिनिचचीच राहते; सेटिंगमध्ये जाऊन कोलकाता हे नाव निवडले नाही, तर आपण भरलेले साडेसहा हे ग्रिनिचचे साडेसहा ठरतात, आणि त्यांत साडेपाच तास मिळविले म्हणजे भारतात बरोबर मध्यरात्र होऊन तारीखही एका दिवसाने पुढे सरकते. एखाद्या व्याख्यानाची वेळ शोधाच्या निकालात रात्री बारा दिसू लागली, तर प्रथम ही सेटिंग तपासावी.

परदेशातील महाराष्ट्र मंडळांना याहून नाजूक प्रसंगाला तोंड द्यावे लागते. अमेरिकेच्या बहुतेक भागांत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात, आणि आपले सण नेमके त्या सुमारास येतात. २०२६ साली तो रविवार १ नोव्हेंबरचा आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरचे. न्यूयॉर्कजवळच्या एखाद्या मंडळाने २४ ऑक्टोबरला कोजागरी आणि ७ नोव्हेंबरला दिवाळीचा कार्यक्रम ठेवला, तर पहिल्या नोंदीत अंतर उणे चार तास आणि दुसरीत उणे पाच तास लिहावे लागेल. पहिली नोंद उचलून तारीख तेवढी बदलणारा कार्यकर्ता श्रोत्यांना एक तास आधी बोलावून मोकळा होईल. पुण्यातील वक्ता आणि न्यू जर्सीतील श्रोते असे दूरस्थ व्याख्यान असेल, तर दृश्य मजकुरात दोन्हीकडच्या वेळा द्याव्यात, पण यंत्राच्या नोंदीत एकच द्यावी. रूपांतर करणे हे यंत्राचेच काम आहे आणि ते काम ते बिनचूक करते. अशा कार्यक्रमाची उपस्थिती ‘ऑनलाइन’ की ‘मिश्र’ हेही सांगता येते आणि स्थळाच्या जागी सभागृहाऐवजी दुवा देता येतो.

समाप्तीची वेळ विचारली, की आपल्या संस्थांतून स्मित उमटते. अध्यक्षीय समारोप किती लांबेल हे कोणाच्याच हाती नसते, हे खरे. तथापि ध्वनिक्षेपकाच्या परवान्यासाठी पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जात आपण समाप्तीची वेळ लिहिलेली असतेच, तीच ‘एंडडेट’ मध्ये लिहावी. मध्यरात्र ओलांडणाऱ्या कार्यक्रमांत अधिक जपावे. आपला पारंपरिक दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि यंत्राचा रात्री बाराला; त्यामुळे ‘गोकुळाष्टमीस रात्री १२ वाजता श्रीकृष्णजन्म’ या साध्या वाक्यातला क्षण यंत्राच्या हिशेबी दुसऱ्या तारखेचे शून्य तास शून्य मिनिटे ठरतो. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेल्या संगीत महोत्सवात जशा पूर्वी रात्र जागविणाऱ्या मैफली रंगत, तशी मैफल आज कोठे बंदिस्त सभागृहात होणार असेल, तर तिच्या आरंभाची आणि समाप्तीची तारीख वेगवेगळी लिहावी लागेल. ती एकच लिहिली, तर मैफल सुरू होण्याआधी संपली असे गणित निघते आणि तपासणारे यंत्र नोंद नापास करते.

दिनदर्शिकेत थेट टाकता येईल अशी आयकॅलेंडरची फाइलही जोडावयाची असेल, तर एक बारकावा ध्यानात ठेवावा. १० ते १२ जानेवारी असे तीन दिवस ग्रंथप्रदर्शन आहे आणि वेळ न देता केवळ तारखा द्यावयाच्या आहेत. अशा वेळी आयकॅलेंडरमध्ये समाप्तीची तारीख १३ लिहितात, कारण तेथे समाप्तीचा दिवस धरला जात नाही. स्कीमाच्या नोंदीत मात्र १२ लिहावी. एकीकडची तारीख दुसरीकडे नकलून घेतली, की प्रदर्शन एक दिवस कमी तरी होते किंवा जास्त तरी.

स्थळाविषयी आपल्या पत्त्यांची जुनी घडण उपयोगी पडते. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड असे क्रमाने लिहिण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना रस्ता, गाव, राज्य, पिनकोड आणि देश हे स्वतंत्र रकाने भरणे जड जाऊ नये. ‘बसस्थानकासमोर, बँकेच्या वर’ ही खूण माणसाच्या फार कामाची असते, म्हणून ती वर्णनात अवश्य ठेवावी. पत्त्याच्या रकान्यात केवळ तेवढीच ठेवू नये. सभागृहाचे नाव महाराष्ट्रात एकदाच आढळेल असे कधीही गृहीत धरू नये. टिळक, सावरकर, गडकरी, अत्रे यांच्या नावाची सभागृहे किती गावांत आहेत याची कल्पना वाचकांस आहेच. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे नाव सर्वश्रुत असले, तरी ‘बालगंधर्व’ एवढाच बोलीतला संक्षेप लिहिला तर यंत्र त्यातून नटाचे नाव वाचील की रंगमंदिराचे, हे सांगता येणार नाही. अक्षांश-रेखांश देणार असाल, तर महाराष्ट्रात अक्षांश साधारणतः १५ ते २२ आणि रेखांश ७२ ते ८१ यांच्या दरम्यान पडतो एवढे लक्षात ठेवावे. अक्षांशाच्या जागी ७३ दिसले, की दोहोंची अदलाबदल झाली आहे.

व्यक्तींची नावे हा आपल्या सार्वजनिक जीवनातला भलता हळवा विषय. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, शुभहस्ते आणि प्रेरणास्थान अशा सहा पायऱ्यांवर ज्यांना बसवावयाचे त्यांच्यासाठी स्कीमात सहा शीर्षके नाहीत. जो प्रत्यक्ष बोलणार, गाणार किंवा नाचणार त्याची ‘परफॉर्मर’ म्हणून नोंद करावी, मग तो व्याख्याता का असेना; जी संस्था कार्यक्रम घडविते ती ‘ऑर्गनायझर’, आणि जी पैसे पुरविते ती ‘स्पॉन्सर’. उरलेल्या मान्यवरांचा उल्लेख वर्णनात करावा. नावांच्या क्रमावरून कार्यकारिणीत वाद झाल्यास एक दिलासा देता येतो: जेसन-एलडीत अशा यादीतील क्रमाला, तो मुद्दाम निर्दिष्ट केल्याखेरीज, कोणताही अर्थ नसतो.

नाटकाच्या बाबतीत नाटक आणि त्याचा प्रयोग हे दोन निरनिराळे पदार्थ आहेत, आणि ‘संगीत सौभद्र’ सारखे १८८२ साली रंगभूमीवर आलेले नाटक आजही लागते तेव्हा हा भेद पाळणे अगत्याचे होते. नोंद प्रयोगाची करावी, तिचा प्रकार ‘थिएटरइव्हेंट’ लिहावा, आणि मूळ नाटक कोणते व कोणाचे हे ‘वर्कपरफॉर्म्ड’ या शीर्षकाखाली सांगावे. शुक्रवारी दादरला, शनिवारी ठाण्याला आणि रविवारी पुण्याला असे तीन प्रयोग असतील, तर नोंदी तीन, आणि शक्य तो पृष्ठेही तीन.

हीच गोष्ट व्याख्यानमालेची. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केल्यापासून हा प्रकार महाराष्ट्रात गावोगाव रुजला, परंतु संकेतस्थळांवर तो सर्रास एकाच ओळीत नोंदवितात. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी वाचनालयाने १ मे ते ७ मे रोज सायंकाळी साडेसहा ते साडेआठ अशी माला योजली आहे. आरंभ १ मे साडेसहा आणि समाप्ती ७ मे साडेआठ अशी एकच नोंद केली, तर दिनदर्शिका १४६ तासांचे अखंड व्याख्यान दाखविते, ज्यात श्रोत्याला जेवायलाही सवड नाही. त्याऐवजी माला ही मुख्य घटना ठेवून तिला केवळ पहिली व शेवटची तारीख द्यावी. प्रत्येक व्याख्यानाची स्वतंत्र नोंद करून तीत त्या दिवशीचा वक्ता, विषय आणि वेळ लिहावी, आणि ‘सुपरइव्हेंट’ या शीर्षकाने ती मालेशी जोडावी. काम सातपट होते हे कबूल. पण श्रोता एखाद्या वक्त्याला ऐकायला येतो, आणि शोधही त्या वक्त्याच्या नावाचाच घेतो.

प्रवेशमूल्याची कलमे थोडक्यात आटोपतात. रक्कम केवळ अंकांत लिहावी. पुढचे रुपयाचे चिन्ह, हजारानंतरचा स्वल्पविराम आणि मागची तिरपी रेघ ही आपली वहिवाट तेथे चालत नाही, चलन वेगळ्या रकान्यात ‘आयएनआर’ असे द्यावे लागते. प्रवेश विनामूल्य असल्यास शून्य लिहावे, रकाना मोकळा ठेवू नये, कारण मोकळ्या रकान्याचा अर्थ ‘ठाऊक नाही’ असा होतो. तिकीटविक्री कोणत्या दिवशी किती वाजता सुरू होते हे सांगण्याचीही सोय आहे, तिचा लाभ नाट्यसंस्थांनी घ्यावा. ‘काही जागा राखीव’ याला मात्र सोयीचे असे शीर्षक नाही. ते वर्णनात लिहून गप्प बसावे.

सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत अगत्याचे शीर्षक ‘इव्हेंटस्टेटस’ हे आहे. कार्यक्रम ठरला तेव्हा नोंद करणारे पुष्कळ. तो रद्द झाला किंवा पुढे गेला तेव्हा त्या नोंदीकडे परतणारे विरळा. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे जगभरचे कार्यक्रम एकाएकी कोलमडले, तेव्हा कार्यक्रम ऑनलाइन हलविला आहे हे सांगणारे मूल्य या शब्दावलीत घाईने घालावे लागले; बाकीची आधीपासून होतीच. रद्द झालेल्या कार्यक्रमाचे पृष्ठ काढून टाकणे हा चुकीचा मार्ग आहे, कारण यंत्राने आधीच टिपून घेतलेली जुनी माहिती तशीच फिरत राहते. पृष्ठ जागेवर ठेवावे, मूळ तारीख तशीच राहू द्यावी आणि स्थिती ‘इव्हेंटकॅन्सल्ड’ करावी. पुढे ढकलला आहे पण नवी तारीख ठरलेली नाही, अशा वेळी ‘इव्हेंटपोस्टपोन्ड’ लिहून जुनी तारीख तशीच ठेवावी. नवी तारीख ठरली, की ‘स्टार्टडेट’ मध्ये ती घालून जुनी ‘प्रीव्हिअसस्टार्टडेट’ मध्ये न्यावी आणि स्थिती ‘इव्हेंटरीशेड्यूल्ड’ करावी. आयकॅलेंडरची फाइल दिली असेल, तर तीतील मूळ ओळखक्रमांक कायम ठेवून आवृत्तीचा अंक एकाने वाढवावा. असे केल्याने दिनदर्शिकेला ही त्याच कार्यक्रमाची सुधारित नोंद आहे हे ओळखता येते. नवा ओळखक्रमांक दिला, तर जुनी आणि नवी अशा दोन्ही तारखा श्रोत्याच्या माथी बसतात.

कार्यक्रमाच्या नावात ‘भव्य’, ‘दिव्य’, ‘त्वरा करा’, ‘मर्यादित जागा’ असले शब्द कोंबू नयेत. गूगलच्या सूचनांतही अशी जाहिरातबाजी नावात करू नये असे आहे. जी गोष्ट पृष्ठावर वाचकाला दिसत नाही ती नोंदीतही घालू नये, आणि जो कार्यक्रम नाही, उदाहरणार्थ पुस्तकांवरची सवलत, त्याला कार्यक्रम म्हणून रुजू करू नये. असा गैरप्रकार लक्षात आल्यास शोधयंत्र त्या संकेतस्थळाच्या नोंदी मानणे बंद करू शकते, आणि मग खऱ्या कार्यक्रमांचेही नुकसान होते.

नोंद तयार झाली, की तिची खातरजमा करण्यास दोन विनामूल्य साधने आहेत: गूगलचे रिच रिझल्ट्स टेस्ट आणि स्कीमा डॉट ऑर्गचे मार्कअप व्हॅलिडेटर. पहिले गूगलच्या अपेक्षेपुरते तपासते, दुसरे एकंदर शब्दावलीच्या दृष्टीने. मराठी पृष्ठांवर हमखास सापडणारे दोष ठरावीक आहेत. वर्डमध्ये लिहून डकविलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात आणि सारी नोंद मोडते. शेवटच्या बाबीनंतर स्वल्पविराम राहून जातो. तारखेत देवनागरी अंक शिरतात. ग्रिनिचपासूनचे अंतर विसरले जाते. यांतले पहिले दोन दोष साधने हटकून पकडतात, तिसरा बहुधा पकडला जातो, चौथा मात्र निमूटपणे निसटू शकतो. आणि साडेसहाच्या जागी साडेपाच लिहिले असेल तर ते कोणतेही साधन सांगणार नाही. त्यासाठी नोंद आणि पत्रिका शेजारी ठेवून दुसऱ्या एका माणसाने मोठ्याने वाचावी लागते.

कार्यक्रम पार पडल्यावर पृष्ठ आणि नोंद दोन्ही जागच्या जागी राहू द्यावीत. तारीख आणि साल बिनचूक असल्यामुळे यंत्र ती गतकालीन म्हणून ओळखते व आगामी कार्यक्रमांत मिसळीत नाही. पुढील वर्षीच्या मालेसाठी जुन्याच पृष्ठावर नव्या तारखा चढवू नयेत, नवे पृष्ठ करावे. कोणत्या साली कोणता वक्ता कोणत्या विषयावर बोलला हे शोधणाऱ्या अभ्यासकाला वाचनालयाच्या दप्तराची धूळ मग झाडावी लागणार नाही, आणि यंदा कोणाला बोलवावे यावर खल करणाऱ्या कार्यकारिणीलाही, तोच वक्ता त्याच विषयावर दोन वर्षांपूर्वी येऊन गेला आहे, हे सभेआधी कळेल.